दलाल स्ट्रीटचा बाजार नव्याने कोणी घडवला?

नमस्कार. स्पर्धा म्हटले की चांगला माल आणि कमी भाव एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण काही संस्था मालाला हात न लावता बाजाराची रचनाच बदलतात, म्हणजे सौदा कुठे व्हावा, कोणाला करता यावा आणि तो पुरा होण्याची हमी कोणी द्यावी, हे नव्याने ठरवतात. याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे: राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई.

१८७५ मध्ये स्थापन झालेला मुंबई शेअर बाजार दलालांच्याच मालकीचा होता. रिंगणात ओरडून सौदे होत, आणि बाहेरगावच्या गुंतवणूकदाराला दलाल सांगेल तो भाव मानण्यावाचून गत्यंतर नसे. सरकारी वित्तसंस्थांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या एनएसईने (हे पाठबळ विसरून तिचे कौतुक करू नये) नोव्हेंबर १९९४ पासून शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर आणले. उपग्रहाने जोडलेल्या टर्मिनलांमुळे दूरच्या शहरातील दलालालाही तोच भाव त्याच क्षणी दिसू लागला, आणि साधारण वर्षभरातच एनएसई उलाढालीत पुढे गेली.

मुंबई शेअर बाजारानेही १९९५ मध्ये ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आणली, कारण पडद्याची नक्कल करता येते. एकदा जमलेली गर्दी मात्र हलवता येत नाही. खरेदीदार जिथे विक्रेते असतात तिथेच जातो, विक्रेताही तसाच वागतो. जून २००० मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला पुरे होणारे वायदे) मुंबई शेअर बाजाराने ९ तारखेला सुरू केले आणि एनएसईने १२ तारखेला. तरीही बहुतेक उलाढाल एनएसईकडेच गेली.

दरम्यान सौद्यांची हमी घेणारे क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि १९९६ ची एनएसडीएल ही डिपॉझिटरी (शेअर कागदाऐवजी संगणकीय नोंदीत, म्हणजे डिमॅट रूपात, ठेवणारी संस्था) उभारण्यातही एनएसईचा पुढाकार होता. डिमॅटचा लाभ प्रतिस्पर्ध्यालाही झाला, आणि माझ्या मते ही रचना म्हणूनच टिकली.

२००८ नंतरचे प्रकरण वेगळे आहे. चलन वायद्यांवर एनएसई व्यवहार शुल्कच घेत नव्हती. एमसीएक्स-एसएक्स या नव्या बाजाराची तक्रार अशी होती की, ज्याला दुसऱ्या विभागांतून कमाई नाही त्याने अशा स्थितीत तग धरणे शक्यच नाही. स्पर्धा आयोगाने २०११ मध्ये एनएसईला ५५.५ कोटी रुपयांचा दंड केला, २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.