जाकिटाच्या आत काय आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

कपाटातील स्वेटर बाहेर काढावा की पंख्याचा वेग वाढवावा, हा प्रश्न सध्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकाच दिवशी दोनदा पडत असेल. मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातून परत फिरतो, आकाश मोकळे होते, जमीन मात्र अजून ओली असते, आणि मग जी घामट दुपार सुरू होते तिला आपण सगळेच ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. तेच मोकळे आकाश रात्री जमिनीची ऊब धरून ठेवत नाही, म्हणून पहाट गार पडते. पुण्यात नोव्हेंबरमध्ये पहाटे १५ अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी ३० अंशांपर्यंत चढतो, आणि मुंबईत तर त्याच महिन्यात दुपारी तो ३३ अंशांच्या घरात असतो. ‘वैद्यानां शारदी माता’ असे जुने लोक म्हणत, म्हणजे शरद ऋतू ही वैद्यांची आईच, कारण तीच त्यांचे दवाखाने भरते. शिंप्यांची आई कोण हे कोणी सांगून ठेवलेले नाही. पण माझ्या मते तीही हीच असावी.

सप्टेंबर उजाडला की मोबाईलवर परदेशी पानगळीची छायाचित्रे येऊ लागतात आणि त्यांत लांब कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट व गळ्याभोवती लोकरीचे वेढे दिसतात. न्यू जर्सीत किंवा बोस्टनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना त्यांचा उपयोग आहे, कारण तेथे थंडी आठवड्यागणिक वाढत जाते आणि एकदा अंगावर चढलेला कोट मार्चपर्यंत उतरत नाही. आपल्याकडे मात्र सकाळी चढलेला कपडा अकरा वाजता नकोसा होतो आणि सात वाजता पुन्हा हवासा वाटतो. म्हणून या दिवसांत कपडा निवडताना तो कसा दिसेल याच्याआधी तो कधी उतरवावा लागेल याचा विचार करावा. मी पुन्हा सांगते, आधी उतरवण्याचा विचार करावा आणि मग घालण्याचा.

हे शहाणपण मला आगगाडीत मिळाले, आणि ते कसे मिळाले हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तुळशीचे लग्न होऊन चार दिवस झाले होते. ठाण्याला माझ्या नणंदेने आमच्या पुतणीचे केळवण ठेवले होते आणि ‘वहिनी, तुम्ही लवकर या, साध्याच या, घरचीच माणसे आहेत,’ असे मला बजावून सांगितले होते. तेव्हा जयपूरची रजईसारखी शिवलेली जाकिटे नुकतीच सगळीकडे दिसू लागली होती, आणि मीही एक घेतले होते: आत कापसाचा पातळ थर, वर सांगानेरी छापाची लाल-निळी फुले, आणि उलटे घातले तर दुसऱ्या बाजूला बारीक बुट्टी. ते मिरवण्याची संधी मी शोधतच होते. पहाटे साडेचारला उठले, बाहेर चांगलीच थंडी होती, आणि जाकीट वरून येणारच आहे तर आत काय घातले आहे हे कोण बघणार, अशा विचाराने मी अंधारात हाताला लागलेला एक टी-शर्ट चढवला. तो आमच्या चिरंजीवांचा, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला होता. पिवळाधमक रंग, आणि पाठीवर वीतभर अक्षरांत छापलेले दोन शब्द: ‘भोजन समिती’.

सिंहगड एक्सप्रेसच्या महिलांच्या डब्यात माझ्यासमोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अनेक वर्षे पास काढून नोकरीसाठी प्रवास केला होता आणि आता नातवाला सांभाळण्यासाठी त्या आठवड्यातून दोनदा दादरला जात होत्या. डब्यातील सगळ्या त्यांना मावशी म्हणत होत्या, म्हणून मीही म्हणू लागले. मावशींच्या अंगावर एक पातळ लोकरी शाल, शालीखाली पुढून उघडा असलेला खादीचा ढगळ सदरा, जो त्यांच्या यजमानांचा जुना होता असे नंतर कळले, आणि त्याच्याही आत काहीतरी निळे होते. सदऱ्याच्या बाह्या त्यांच्या बोटांपर्यंत येत होत्या. मी माझ्या फुलाफुलांच्या जाकिटाकडे पाहिले आणि मनातल्या मनात त्यांची कीव केली, हे आज कबूल केले पाहिजे.

तळेगाव गेले, लोणावळा आले. बाहेर धुके होते आणि खिडक्यांच्या काचा ओल्या झाल्या होत्या. माझे जाकीट त्या घटकेला जगातले सर्वोत्तम वस्त्र होते. पण लोणावळा ते कर्जत हे रेल्वेने अवघे २८ किलोमीटरांचे अंतर, आणि तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरांच्या आसपास खाली उतरते. घाटाच्या वर देशावरची कोरडी थंडी असते आणि घाटाच्या खाली कोकणची दमट हवा आपली वाट पाहत उभी असते. बोगदे संपले, ऊन डब्यात आले, कर्जतला वडेवाले चढले, आणि मावशींनी शाल काढली, तिची चौघडी केली आणि पाठीशी उशी म्हणून ठेवली. मला थोडे उकडू लागले होते, परंतु मी वडा खाण्यात लक्ष घातले.

कल्याण येईपर्यंत मावशींनी सदराही उतरवला. श्रोतेहो, आत हातमागाचा, गर्द निळीत रंगवलेला सुती कुडता होता, गळ्यापाशी पांढऱ्या धाग्याची बारीक हाताची टीप होती, आणि त्या बाई एका क्षणात असा कुडता घालून बसल्या होत्या की कोणत्याही समारंभाला त्या तशाच जाऊ शकल्या असत्या. सदऱ्याची घडी कापडी पिशवीत गेली. इकडे माझ्या कानशिलांवरून घाम ओघळत होता.

“अहो बाई, काढा की ते जाकीट,” मावशी म्हणाल्या.

“नको मावशी, मला काही उकडत नाहीये.”

“मग कपाळावर काय दव पडलंय?”

डब्यातील चार जणी हसल्या. मी मावशींच्या कानाशी जाऊन जाकिटाच्या आतील सत्य सांगितले. त्यांनी माझ्याकडे जराही न हसता पाहिले आणि म्हणाल्या, “तुम्ही चांगलं वर घातलंत आणि वाईट आत घातलंत. मी तीस वर्षं उलटं करते. संध्याकाळपर्यंत अंगावर जे राहतं, ते आतलंच असतं.”

ठाण्याला उतरून नणंदेच्या घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले होते. बाराच्या सुमारास तिच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या पेटलेल्या, बाहेर ऊन, घरात पंचवीस माणसे, आणि मी कापूस भरलेल्या जाकिटात. नणंदेचे कपडे मागावेत तर तिचा बांधा असा की तिची बाही माझ्या कोपरापलीकडे चढत नाही. शेवटी जिलब्या ताटांत वाढायला घेतल्या तेव्हा मला घेरी आल्यासारखे झाले, आणि मी ते जाकीट काढून खुंटीला अडकवले. पंगतीतून पाठमोरी जात असताना वराकडील एका वयोवृद्ध आजोबांचा अत्यंत अदबशीर आवाज आला: “समितीच्या ताई, जरा मठ्ठा इकडे फिरवा.” मी फिरवला. दुसऱ्या पंगतीतही फिरवला. संध्याकाळी निघताना त्याच आजोबांनी माझ्या यजमानांना विचारले म्हणे, की तुमच्या शहरात ही समिती लग्नाची मोठी कामेही घेते का.

तर मावशींनी सांगितलेले सूत्र पुन्हा एकदा: पातळ कपड्यांचे दोन-तीन थर करावेत, जो सर्वांत आधी उतरणार तो सर्वांत वर असावा, आणि जो दिवसभर अंगावर राहणार तो, म्हणजे सर्वांत आतला, सर्वांत चांगला असावा.

आता आतल्या कपड्याचे पाहू. तो सुती असावा, कारण साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणजे पॉलिएस्टरच्या कुडत्यातला घाम कपड्यात न जाता तुमच्या पाठीवरच राहतो. हातमागाचा कुडता, खादी, मलमल, लिनन यांपैकी जे घरात असेल ते चालेल. रंगाविषयी एकच सूचना आहे. राखाडी आणि फिकट आकाशी रंगांवर घामाचे डाग सर्वांत ठळक दिसतात; पांढरा, गर्द निळा किंवा बारीक छापाचा कपडा ते झाकून घेतो.

मधला थर पुढून उघडा असावा, म्हणजे तो डोक्यावरून ओढून काढताना केस आणि चष्मा यांची ओढाताण होत नाही. तरुण मुले-मुली हल्ली शर्टावर आणखी एक ढगळ शर्ट घालतात आणि त्याला ‘शॅकेट’ म्हणतात. मावशींच्या यजमानांचा खादीचा सदरा हा त्याच घराण्यातला होता. ज्यांना बाह्या नकोत त्यांनी खणाचे बिनबाह्यांचे जाकीट पाहावे. खण हे बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे कापड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोळीपुरते येत असे, आणि गेल्या काही वर्षांत त्याचे कुडते, जाकिटे आणि पिशव्या सर्रास होऊ लागल्या आहेत. त्या कापडावरची नक्षी इतकी दाट असते की खाली अगदी साधा, एकरंगी कुडता असला तरच ते खुलते. पुरुष श्रोत्यांनीही हे ऐकावे, कारण पुढाऱ्यांच्या अंगावर पाहून पाहून बिनबाह्यांच्या जाकिटाविषयी आपले मत उगाचच वाईट झाले आहे. जाड खादीचे किंवा सोलापुरी चादरीच्या कापडाचे जाकीट पांढऱ्या सदऱ्यावर उत्तम दिसते आणि त्याला खिसेही असतात. खिशांवरून आठवले म्हणून सांगते, बायकांच्या कपड्यांना खिसा न ठेवणाऱ्या शिंप्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नये.

सर्वांत वरचा थर पांघरण्याजोगा असावा. आपल्या भाषेत साडी नेसतात, सदरा घालतात आणि शाल पांघरतात. तीन वस्त्रांसाठी तीन क्रियापदे आहेत, आणि त्यांतले पांघरलेले वस्त्र सर्वांत सहज उतरते. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल सुती आणि रेशमी धाग्यांची असल्यामुळे या अर्ध्या थंडीला नेमकी पुरते. लोकरीची पातळ शालही चालते, कारण लोकर कापसाच्या जवळजवळ दुप्पट ओलावा धरते आणि तरीही अंगाला ओली लागत नाही. सत्कारांत मिळालेल्या शाली मात्र येथे कामाच्या नाहीत. प्रत्येक मराठी घरातील कपाटात अशा पाच-सात शाली घडी न मोडता पडून असतात, त्यांतल्या बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात, त्यांनी ना ऊब येते ना घाम टिपला जातो. संयोजकांनी त्यांऐवजी मलमलीची दोहर द्यावी, असे मी अनेक व्यासपीठांवर सुचवले आहे आणि त्याच व्यासपीठांवर मला त्याच शाली मिळाल्या आहेत.

कमरेखालच्या कपड्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ढगळ, रुंद पायांच्या सुती पँटा सध्या चालतातच आणि त्यांतून वारा खेळतो, म्हणून त्या या दिवसांत घालाव्यात. जाड जीन्स डिसेंबरपर्यंत थांबू शकते. दुपारच्या घामाने ती एकदा भिजली की संध्याकाळच्या गारठ्यात ओलीच राहते. पायांत मोजे सकाळी कितीही आवश्यक वाटले तरी दुपारी ते काढून ठेवायची सोय पाहूनच घालावेत.

राहिली ती पिशवी. उतरवलेले कपडे कुठे ठेवायचे याचा विचार न करता थर चढवणारा माणूस दुपारभर हातात स्वेटर घेऊन फिरतो आणि रिक्षात विसरून येतो. एक रिकामी, धुतलेली, कापडी पिशवी पर्समध्ये घडी करून ठेवावी. मावशींच्या पिशवीत शाल, सदरा आणि नातवासाठी घेतलेली लोणावळ्याची चिक्की एवढे सगळे मावले होते. माझे जयपुरी जाकीट अजून उत्तम स्थितीत आहे आणि परवाच मी ते उन्हात टाकले. त्याच्या आत या वर्षी निळा मलमलीचा कुडता येणार आहे. भोजन समितीचा टी-शर्ट नणंदेने मागून घेतला असून तिच्याकडे पुढचे केळवण येत्या मार्गशीर्षात आहे.

नमस्कार.