‘होग्ली बिडु’ म्हणणं सोपं, पण स्टेटस बघणं कसं सोडायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न आलाय: “ब्रेकअप झालं, त्याला ब्लॉक केलं, तरी डोक्यातनं जात नाही. काय करू?” आणि त्याच्या खाली ठरलेलं उत्तर, “होग्ली बिडु!”, म्हणजे जाऊ दे, सोडून दे. आपल्या बेळगावात मराठी माणूससुद्धा हे कन्नडमध्येच सांगतो. सल्ला वाईट नाही हो. पण सोडायचं म्हणजे हातानं नेमकं काय करायचं, ते त्यात कुठं आहे?

सोपं आधी उरकतो. नंबर ब्लॉक. फोटो पेनड्राईव्हवर घालून भावाकडं द्या. चॅट डिलीट. धमक्या किंवा पैशाची मागणी आली असेल, तर मात्र चॅट पुसू नका, पुरावा लागतो. झालं.

आता अवघड जागा. “एकदाच बघतो.”

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग आहेत. दर टोचीला दाणा मिळाला, की दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असलं की ते टोचतच राहतं. चार दिवस गप्प आणि पाचव्या दिवशी “जेवलीस का?” विचारणारा माणूस आठवला का? अशाच माणसाचं वेड जास्त लागतं. नऊ वेळा स्टेटसवर काही नसतं, दहाव्या वेळी एक रडकं गाणं दिसतं आणि वाटतं, माझ्यासाठीच लावलंय. तो दाणा.

दुसरं. दाणा बंद झाला की टोचणं आधी वाढतं, मग कमी होतं. त्यामुळं ब्लॉक केल्यावर काही दिवसांनी ओढ जास्तच होते. लोकांना वाटतं उपाय चुकला, आणि ते अनब्लॉक करतात. मन काय शिकतं? जोर लावला की मिळतं. पुढच्या वेळी दुप्पट जोर.

तिसरं, एका ताईंची कमेंट: “मी बघत नाही, मैत्रीण बघून सांगते.” अहो, चोच तुमचीच की! ब्लॉक केलं तरी दोघं असलेल्या ग्रुपमधले मेसेज दिसतात. स्टेटस नुसतं म्यूट केलं तर ते खाली सरकतं, जात नाही. तो ग्रुप सोडा, नाहीतर अर्काइव्ह करा. आणि मैत्रिणीला स्पष्ट सांगा, “विचारलं तरी सांगू नको.”

ओढ आली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनमध्ये नको, कागदावर लिहा: किती वाजले, कुठं होतो, आधी काय झालं. “रात्री 10:40, जेवण झालं, एकटी गच्चीवर.” ओढ लाटेसारखी असते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तेवढ्यात किल्ला तलावाला एक चक्कर होते. आठवडाभर लिहिलं की एकच वेळ सारखी दिसायला लागते. मग ती वेळच बदला. गच्ची बंद, त्या वेळी आईबरोबर भांडी. मध्येच बघितलंत? तेही लिहा. “सगळं वाया गेलं” म्हणून रात्रभर बघत बसू नका.

आता आपल्या गावाची अडचण. खडेबाजारात गाठ पडणारच, मंडळही एकच असायचं. वाक्य आधीच ठरवा: “बरं आहे, गडबडीत आहे.” पाय थांबवायचे नाहीत. आणि “त्याचं लग्न ठरलं म्हणे” सांगणाऱ्या मावशीला, “मावशी, त्याचं मला सांगू नका.” राग आला तर येऊ दे.

झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. जगणं नको वाटत असेल, तर आत्ताच 14416 ला फोन करा, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं.

आणि हो, कागदावर लिहिलेलं कमेंटमध्ये टाकू नका. मागच्या वेळी काहींनी नावासकट टाकलं होतं, सगळं पुसत बसावं लागलं.