बाळाला उचलू का?

[दृश्य : सकाळचं स्वयंपाकघर. पाळण्याची दोरी हलते आहे. ओढणारा हात दिसतो, चेहरा नाही.]

हार्ट ॲटॅक येऊन गेलेला माणूस घरी निघताना डॉक्टरांना विचारतो, तेल कोणतं खाऊ, जिने चढू का. पण पेशंट तीन आठवड्यांची बाळंतीण असेल तर? ती विचारते, बाळाला उचलू का?

बाळंतिणीला हार्ट ॲटॅक? येतो. क्वचित येतो, पण येतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांत तो आला, तर त्यामागे सर्वाधिक वेळा असतो स्कॅड. पूर्ण नाव, स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन.

[दृश्य : धमनीचं रेखाचित्र]

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीला पापुद्रे असतात. ते सुटतात, मध्ये रक्त साकळतं, आणि रक्ताची वाट चेपली जाते. कोलेस्टेरॉलने तुंबल्याचा हा प्रकारच नव्हे. दर 10 रुग्णांमागे साधारण 9 बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या, एरवी ठणठणीत. त्यामुळे छातीत कळ आली की घरातले म्हणतात, ॲसिडिटी असेल.

वैद्यकाने हा आजार पहिल्यांदा नोंदवला 1931 मध्ये, 42 वर्षांच्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात. पुढची कित्येक दशकं तो बहुतेक तिथेच सापडत राहिला.

यातली चांगली गोष्ट अशी, की फाटलेली भिंत बहुतेक वेळा काही आठवड्यांत, महिन्यांत आपली आपण सांधते. स्टेंट घालताना चीर आणखी लांबू शकते, म्हणून जमेल तिथे डॉक्टर हात आखडता घेतात. धमनी बरी होते. भीती मात्र राहते. न सांगता फाटली, तर पुन्हाही फाटेल. आणि ही भीती खोटी नाही, काही जणींना तो पुन्हा होतो. मग सल्ला मिळायचा, काही उचलू नका, धावू नका, जपून राहा.

हे जपणं जुनंच. एकेकाळी हार्ट ॲटॅकच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. 1952 मध्ये बोस्टनच्या डॉ. सॅम्युअल लेव्हिन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला. नुसतं खुर्चीत! आज हसू येतं, तेव्हा ते धाडस होतं.

स्कॅडच्या बाबतीत रेटा लावला तो रुग्णांनीच. इंटरनेटवर एकमेकींना शोधून काढलेल्या बायकांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. शरॉन हेज यांना गाठलं, आमच्यावर संशोधन करा म्हणून. 2011 मध्ये 12 रुग्णांचा छोटा अभ्यास छापून आला. त्याच वर्षी कॅनडात, व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये, खास स्कॅडसाठी कार्डियाक रिहॅब सुरू झालं, म्हणजे हृदयाच्या दुखण्यानंतर देखरेखीखाली पुन्हा हिंडतंफिरतं करणारा कार्यक्रम.

[दृश्य : ट्रेडमिलवर सावकाश पडणारी पावलं. दंडाला बीपीचा पट्टा.]

इथला व्यायाम मोजूनमापून. वरचं बीपी 130 च्या आत. वजनं हलकी, साधारण एक ते साडेपाच किलो. सोबत आहार, मनासाठी समुपदेशन, आणि याच आजारातून गेलेल्या इतर जणी. हा शेवटचा भाग मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

पण एक अडचण आहे. पुष्कळ जणी बीटा ब्लॉकर घेतात, त्या गोळीने श्रम केले तरी नाडी फारशी वाढत नाही. मग श्रम ओळखायचे कशावरून? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची श्रम मोजायची आकड्यांची पट्टी असते, 6 ते 20. किती दमलात ते स्वतःच सांगायचं. तेराच्या आसपास ठीक. त्याहून सोपी खूण म्हणजे चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये.

आणि श्वास रोखायचा नाही. दम धरून जोर लावला की बीपी एकदम उसळतं. आपल्याकडे हे जिममध्ये कमी आणि घरात जास्त घडतं. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेताना, पलंगाखालची ट्रंक ओढताना. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच 14.2 किलो, वर टाकीचं वजन. तो दुसऱ्या कुणीतरी सरकवावा.

[दृश्य : पाळण्याशेजारी खुर्ची. तीच बाई, आता चेहरा दिसतो.]

आणि बाळ? जन्मतः असतं तीनेक किलोचं. तिच्या डॉक्टरांनी हो म्हटलंय, फिजिओथेरपिस्टने रीत दाखवलीय. आधी खुर्चीत बसायचं. बाळाला अंगाजवळ ओढायचं. तोंडाने श्वास सोडत उचलायचं.

[पाळण्याची दोरी थांबते. श्वास सोडल्याचा आवाज.]