वाफसा आला का?

श्रोते हो, नमस्कार.

पाऊस उघडला की माउंटन बाइकवाल्याचा, म्हणजे डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्याचा, पाय घरात ठरत नाही. खिडकीत उन्हाची तिरीप दिसली की हा पंप शोधायला लागतो. मीही त्यातलाच. पण आज मी आभाळाबद्दल थोडं आणि चाकाखालच्या मातीबद्दल जास्त बोलणार आहे. कारण ट्रेल, म्हणजे आमची मातीची पायवाट, चालवण्याजोगा आहे का, हे आभाळ ठरवत नाही, माती ठरवते. पुन्हा सांगतो, आभाळ नाही, माती.

शेतकऱ्यांचा एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी खाली झिरपलं, मातीच्या कणांमध्ये ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी अवस्था म्हणजे वाफसा. ट्रेललाही वाफसा येतो. त्या दिवशी टायर जमिनीला असा धरतो की वळणावर सायकल कितीही झुकवा, घसरत नाही. इंग्रजीत सायकलवाले अशा मातीला 'हिरो डर्ट' म्हणतात, कारण तिच्यावर कोणीही स्वतःला हिरो समजतो. मला वाफसाच बरा वाटतो. नवा खेळ आला म्हणून प्रत्येक गोष्टीला नवं नाव आणायला हवं असं नाही. असो.

वाफसा कधी येतो, ते माती कोणती यावर आहे. वाळूचा कण मोठा, अगदी २ मिलिमीटरपर्यंत. कणांमध्ये मोकळी जागा भरपूर, त्यामुळे पाणी भराभर उतरतं. समुद्राच्या वाळूत चालून बघा. वर कोरड्या वाळूत पाय रुततो, लाटेच्या जवळ ओल्या वाळूत तो ठाम पडतो. ओलीचा पातळ थर कणाला कण धरून ठेवतो. म्हणून रेताड ट्रेल पावसानंतर काही तासांत झकास होतो, आणि उलट कडक उन्हाळ्यात चाकाखालून पळतो.

चिकणमातीचं सगळं उलटं. तिचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक आणि चपटा, पत्त्यांच्या कॅटसारखा थरावर थर. पाणी थरांमध्ये शिरतं आणि तिथंच मुक्काम करतं. थरावरून थर सरकतात, तेच आपलं घसरणं. काही चिकणमाती तर पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. वाळू काही तासांत तयार होते, चिकणमातीला काही दिवस लागतात. काही तास आणि काही दिवस, एवढं लक्षात ठेवा.

मला हे कसं कळलं, ते सांगतो.

माझा मावसभाऊ, दादा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. शेती करतो आणि सायकल माझ्यापेक्षा चांगली चालवतो, हे मी त्याच्यासमोर कबूल करत नाही. एकदा रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. मी फोन केला, "दादा, निघू या?" तो म्हणाला, "आज नको. वाफसा नाही आला." मी म्हटलं, "दादा, आपण काय नांगरायला चाललोय?" तो काही बोलला नाही, पण आला.

पहिले दोन किलोमीटर रेताड. काय सांगू! टायरखाली बारीक करकर, सायकल रुळावरून धावावी तशी. मी मागे वळून ओरडलो, "बघ, म्हणे वाफसा नाही!" दादा म्हणाला, "ही वाळू आहे रे. पुढं वळणानंतर माती बदलते."

वळणावर मातीचा रंग बदलला. तांबूस होती ती काळी झाली. तिथं दादा सायकलवरून उतरला आणि एका दगडावर बसला. मी थेट आत.

आधी आवाज बदलला. करकर गेली, चपचप आली. टायरच्या गुट्ट्या, म्हणजे पकडीसाठीचे रबरी उंचवटे, दहा-पंधरा मीटरमध्ये दिसेनाशा झाल्या, टायर गुळगुळीत. त्या चिखलाला वाळलेलं गवत चिकटलं, गवताला पानं, पानांना पुन्हा चिखल, जाड घोंगडी गुंडाळल्यासारखं चाक. मग फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, कमानीत ती घोंगडी अडकली आणि पुढचं चाक थांबलं. ब्रेकला मी हातही लावला नव्हता. काटकी घेऊन चिखल खरवडला, चाक चार वेळा फिरलं, पुन्हा अडकलं. पुन्हा खरवडला, पुन्हा अडकलं. मागं फिरायचं सोडून मी सायकल ढकलायला लागलो, न फिरणारं चाक तसंच फरफटत. बुटांचे तळवे इतके चढले की माझी उंची वाढली. शेवटी खांद्यावर घेतली, तर एरवी एका हातानं उचलतो ती सायकल दुप्पट वजनाची.

तासाभरानं परत आलो. दादा त्याच दगडावर. हसला नाही, रागावला नाही. म्हणाला, "तुझा चर बघितलास?" मी वळून बघितलं. ट्रेलच्या बरोबर मधून बोटभर खोल चर, आणि वरचं पाणी शोधत शोधत त्यात उतरायला लागलेलं.

खरी गंमत पुढं आहे. त्यानंतर तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. आम्ही पुन्हा गेलो. काळी माती विटेसारखी कडक. मी जोरात वळणावर आलो आणि पुढचं चाक एका चरात उतरलं. हँडल वळवतो, चाक वळत नाही. मी मात्र वळलो, हवेत. कोपर सोलवटलं. पडल्या पडल्या नाक त्या चराजवळ होतं. चरात टायरच्या गुट्ट्यांचे ठसे, जसेच्या तसे वाळलेले, आणि ठराविक अंतरावर एका गुट्टीची जागा रिकामी. माझ्या टायरची एक गुट्टी तुटलेली आहे.

दादा उतरला. चराकडे बघितलं, माझ्या टायरकडे बघितलं आणि म्हणाला, "ओळखीचा दिसतोय."

तर चिकणमातीची ही तऱ्हा. ओली असताना जो आकार द्याल, तो वाळल्यावर तसाच भाजून निघतो. आणि पुढचा पाऊस नेमका त्याच चरातून धावतो, त्याला खोल करत नेतो. म्हणून ट्रेल बांधणारे जाणकार पायवाट बाहेरच्या, उताराच्या बाजूला किंचित कलती ठेवतात, साधारण ५ टक्के, म्हणजे पाणी आडवं निघून जातं. आणि पायवाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त ठेवत नाहीत. जास्त झाला की पाणी पायवाटच धरतं. एक चर ही सगळी मेहनत वाया घालवतो.

डबकं आलं की काही लोक कडेनं जातात, बूट भिजू नयेत म्हणून. मग दुसरा त्याच्याही कडेनं, आणि हातभर पायवाटेचा हमरस्ता होतो. डबक्यातून सरळ मधून जा, नाहीतर उतरून परत फिरा. भिजायचंच नव्हतं तर सायकल घेतलीत कशाला? आणि घरी येऊन जोरदार फवाऱ्यानं सायकल धुणारे! ते पाणी बेअरिंगमध्ये घुसतं, ग्रीस बाहेर. हे आजच्या विषयात बसत नाही, पण कोणीतरी बोलायला हवं.

वेळ कमी आहे, बाकीचं घाईत सांगतो. दाट झाडीखाली पाऊस थांबल्यावरही पानं ठिबकत राहतात, सावलीतला ट्रेल उशिरा वाळतो. साल गेलेली ओली मुळं सगळ्यात निसरडी, त्यांना आडवं, सरळ ओलांडायचं, त्यांच्यावर ब्रेक मारायचा नाही. थंड प्रदेशात पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि माती उचलून धरते. सकाळी गोठलेली जमीन दगडासारखी टणक, दुपारी वरचा थर वितळतो, खालचा तसाच. पाण्याला खाली जायला वाटच नाही, मग वर नुसती राड. तिथं पहाटेच जायचं.

आणि माती ओळखायची कशी? दादा करतो तसं. मूठभर उचला, दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला, तर निघा. चपटा होऊन तसाच राहिला, तर घरी जा. गोळा वळलाच नाही, तर कोरडी आहे, वळणावर जपून. फुटला तर निघा, चपटा झाला तर घरी.

तो चर? पुढचा पाऊस झाला, चार दिवसांनी दादाचा फोन आला, "वाफसा आलाय, कुदळ घे." कोरड्या मातीत भर बसत नाही, चिखलात टिकत नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघं चर बुजवत आणि माती चोपून घट्ट करत होतो. त्या दिवशी ट्रेलला इतकी सुंदर पकड होती, आणि दादानं मला सायकल आणूच दिली नव्हती.

नमस्कार.