ज्या गोष्टीत वाचणं हाच गुन्हा, ती आपण का वाचतो?

[पुढ्यात पुस्तकांचा ढीग. मागचा पावसाचा आवाज तसाच ठेवायचा.]

नमस्कार मंडळी! कौलांवर पाऊस बदाबदा कोसळतोय, त्यामुळे आवाज जरा चढवून बोलते. लाईट आत्ता आहे. ती जायच्या आत उरकून घेऊया.

आजचा विषय माझ्या काकीने दिलाय. माझ्या हातात जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची '१९८४' ही कादंबरी बघून तिने विचारलं, कशाची गोष्ट आहे. मी सांगितली : प्रत्येकावर नजर ठेवणाऱ्या राज्याची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधीच काय कमी तरास हत, आणि तू ह्या असला कित्याक वाचतंस?"

प्रश्न रास्त आहे. आपण किनाऱ्यावरची माणसं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा पिढ्यांनी जपलेल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. एवढं सगळं बघितल्यावर पैसे देऊन आणखी वाईट जग विकत कशाला घ्यायचं?

पण हे वाईट जग वेगळ्या जातीचं आहे. वादळ कुणी ठरवून आणत नाही. ते येतं, घर मोडतं, निघून जातं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी कोयता घेऊन झाड तोडायला येतो. डिस्टोपियन कादंबरीत, म्हणजे माणसांनीच ठरवून उभारलेल्या भयाण राज्याच्या गोष्टीत, असं काहीच मोडलेलं नसतं. रस्ते स्वच्छ, गाड्या वेळेवर, प्रत्येकाला काम. ऑल्डस हक्सलीच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये तर सगळे खुशीत आहेत. मन जरा खट्टू झालं की सोमा नावाची गोळी घ्यायची, की झालं. तिथलं राज्य उत्तम चाललेलं आहे, आणि भीती वाटते ती त्याचीच. शेजाऱ्याने कोयता घेऊन यायचं की नाही, हेसुद्धा वरून ठरतं.

म्हणून 'जगबुडी'च्या गोष्टी आणि या गोष्टी एका कप्प्यात टाकू नका. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो. ती कथा जरूर वाचा, मला फार आवडते. पण तिथे गाठ निसर्गाशी आहे. इथे गाठ कारकुनाशी आहे.

कारकून म्हटलं ते गंमत म्हणून नाही हं. '१९८४'चा नायक विन्स्टन स्मिथ हा खरोखरच कारकून आहे. सत्य मंत्रालयात बसून जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करतो. एक प्रसंग सांगते. सरकारने आधी वचन दिलेलं असतं की या वर्षी चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही. आता ते ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येणार आहे. मग विन्स्टनने करायचं काय? जुन्या अंकातलं वचन काढायचं आणि तिथे घालायचं की बहुधा एप्रिलमध्ये रेशन कमी करावं लागेल. झालं काम. जुना कागद भिंतीतल्या भोकात, खाली भट्टी.

आणि कपात जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जेवताना पडद्यावर बातमी येते : रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून बिग ब्रदरचे, म्हणजे त्या राज्याच्या सर्वोच्च नेत्याचे, आभार मानले.

वाढवून! काल ३० होतं. विन्स्टन आजूबाजूला बघतो. एक जण बैलासारखा ते गिळून टाकतो. दुसरा हुशार आहे, तो जरा आडवळणाने गिळतो, पण गिळतोच. आता मी चोवीस तासांत ३० चे २० आणि २० ची 'वाढ' हे वाचते, तेव्हा नुसती घाबरत नाही. मला बरं वाटतं. कारण असं काहीतरी आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, आजूबाजूचे माना डोलवत असतात, आणि आपल्याला वाटतं आपलंच डोकं फिरलंय. मग एक माणूस १९४९ साली छापलेल्या पुस्तकातून सांगतो की नाही, आकडा ३० च होता.

या वाचनातलं अर्धं सुख तिथे आहे, असं माझं मत. ही पुस्तकं भविष्य सांगतात म्हणून थोर, असं जे लोक म्हणतात ना, त्यांच्याशी माझं जमत नाही. भविष्य सांगायला पंचांग आहे. मार्गारेट ॲटवूड 'द हँडमेड्स टेल'बद्दल उलटंच सांगते. १९८५ ची ती कादंबरी लिहिताना तिने नियमच केला होता की इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलेलं नाही, असं काही त्यात घालायचं नाही.

ऑर्वेलचंही तसंच. तो जन्मला बिहारमध्ये, मोतीहारीला, १९०३ साली. तरुणपणी, १९२२ ते १९२७, ब्रह्मदेशात इंग्रजांचा पोलीस अधिकारी होता. ब्रह्मदेश म्हटल्यावर रत्नागिरीकरांचे कान टवकारले असतील. बरोबर! त्याच ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, ज्याला इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं आणि जो १९१६ मध्ये तिथेच वारला. राजा इकडे नजरकैदेत गेला, आणि काही दशकांनी ऑर्वेल तिकडे त्या राज्यात दंडुका घेऊन पोचला. सत्ता आतून कशी दिसते ते त्याने नोकरी करून बघितलं होतं.

पुढचं तर अजून जवळचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३, तो बीबीसीच्या पौर्वात्य विभागात होता. हिंदुस्थानासाठी कार्यक्रम करायचे, हे काम. त्याने इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रं भाषांतर होऊन मराठीतूनही प्रसारित व्हायची! आपली वेणू चितळे त्याच विभागात त्याच्याबरोबर काम करत होती. आणि प्रत्येक शब्द आधी सेन्सॉरकडून जायचा. म्हणजे विन्स्टनचं टेबल ऑर्वेलने नुसतं कल्पनेतून काढलेलं नव्हतं. तशा टेबलामागे तो बसून आलेला होता.

[पुस्तक उघडून पहिलं प्रकरण दाखवायचं.]

आता माझा मुख्य मुद्दा. या कादंबऱ्या ओळीने वाचल्यावर मला एक गोष्ट दिसली आणि आता ती दिसल्याशिवाय राहत नाही. जवळजवळ प्रत्येकीत खरा गुन्हेगार हा वाचणारा किंवा लिहिणारा माणूस असतो.

विन्स्टन काय करतो? बाँब ठेवतो? नाही. एका जुनाट दुकानातून कोरी वही आणतो. मऊ, पिवळसर पडलेला कागद. तिच्यात लिहायला कुठे बसतो बघा. त्याच्या खोलीत टेलिस्क्रीन आहे, भिंतीवरचा पडदा, जो आपल्याला बघतो. पण भिंतीत एक कोनाडा आहे. तिथे अंग चोरून बसलं की त्या पडद्याला माणूस दिसत नाही. आणि तो कोनाडा मुळात कशासाठी असावा? ऑर्वेल जाता जाता एका वाक्यात सांगतो : बहुधा पुस्तकांच्या फळ्यांसाठी. आख्ख्या घरात सरकारची नजर पोचत नाही अशी एकच जागा, आणि ती पुस्तकांची. तो त्यावर भाष्य करत नाही, पुढे निघून जातो. लेखक असावा तर असा.

मग इतर बघा. हक्सलीकडे जॉन आहे, उंदरांनी कुरतडलेला शेक्सपिअर वाचून वाढलेला, आणि त्या सुखी जगात शेक्सपिअरला बंदी. झाम्यातिनच्या 'वुई'मधला नायक नोंदी लिहीत सुटतो आणि त्यातच गोत्यात येतो. ॲटवूडच्या राज्यात बायकांना वाचायलाच मनाई, इतकी की दुकानांवरच्या पाट्यांवरून अक्षरं काढून नुसती चित्रं ठेवलीत. नायिकेच्या खोलीत एक छोटी उशी आहे. तिच्यावर एकच शब्द भरतकाम केलेला, 'फेथ', म्हणजे श्रद्धा. वाचायला तिच्याकडे तेवढंच. ती खिडकीत बसून तो एक शब्द वाचते. हे वाचताना तुमच्या मांडीवर तीन-चारशे पानं असतात. ते पान उलटताना हाताला जे वाटतं, ते दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या कादंबरीत मला तरी वाटलेलं नाही. गोष्टीतला गुन्हा तुम्ही त्याच क्षणी करत असता.

आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा. दशावतारात सुरुवातीला आड दशावतार व्हायचा, हल्ली बरेचदा आटोपता घेतात. त्यात येतो तो संकासुर. काळे कपडे, मालवणीत फटकेबाजी, पोरं एकीकडे आईला बिलगतात आणि दुसरीकडे त्याचीच वाट बघतात. या संकासुराचा गुन्हा कोणता? वेद चोरले. कोकणातला पहिला खलनायक पुस्तकचोर आहे! आणि आपण रात्र जागवून, चटई टाकून, त्याला बघायला बसतो. काकीसुद्धा बसते.

अर्थात संकासुराला मारायला विष्णू येतो. रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये कुणी येत नाही, कारण चोर सापडतच नाही. तिथे आगीचे बंब पुस्तकं जाळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या जाळणाऱ्यांचा कॅप्टन काय सांगतो, ते लोक विसरतात. तो म्हणतो, हे काही सरकारने सुरू केलं नाही. लोकांनीच आधी वाचणं सोडलं. सगळं छोटं हवं, झटपट हवं, कुणाला काही लागायला नको. जाळपोळ नंतर आली. आता हे मी एका व्हिडिओत सांगतेय, हे माझ्या लक्षात आहे. हसू नका.

सगळीच पुस्तकं चांगली असतात असं मात्र नाही. 'हंगर गेम्स' २००८ मध्ये गाजल्यावर तशाच छापाच्या मालिकांचं पेव फुटलं. तीच शूर मुलगी, तेच दोन मुलगे, तेच दुष्ट शहर. प्रवासात वाचायला ठीक. आपल्या मातीतलं हवं असेल तर प्रयाग अकबर यांची 'लैला' घ्या, २०१७ ची. भिंती घालून जाती-जमातींप्रमाणे वाटलेलं शहर, आणि हरवलेली मुलगी शोधणारी आई. त्यातली पाण्याची टंचाई वाचताना घशाला कोरड पडते.

पहिल्यांदाच वाचणार असाल तर ब्रॅडबरीपासून सुरू करा, लहान आहे. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाचे सभासद असाल तर तिथे विचारून बघा. १८२८ पासूनची संस्था आहे.

आणि '१९८४' वाचलीत तर शेवटचं परिशिष्ट सोडू नका. बहुतेक जण सोडतात, कारण गोष्ट संपलेली असते आणि मन पार खचलेलं असतं. ते परिशिष्ट त्या राज्याच्या भाषेबद्दल आहे. रुक्ष आहे, व्याकरणाच्या पुस्तकासारखं. पण ते पूर्ण भूतकाळात लिहिलंय : ती भाषा अशी होती, तिचा उद्देश असा होता. मग हे लिहिणारा कोण? आणि तो कधी लिहितोय? माझ्या मते ते राज्य बुडालेलं आहे आणि मागे उरलेला कुणीतरी शांतपणे टिपणं काढतोय. माझ्या एका मैत्रिणीच्या मते हे सगळं थोतांड आहे, लेखकाने सवयीने भूतकाळ वापरला, बस. आमचं यावरून बरंच वाजलंय. तुम्ही ती पानं वाचा आणि कुणाची बाजू घेताय ते कळवा. तिची घेतलीत तर कारणासकट.