ट्रॅक्टरच्या मागच्या घरातील ऑइल

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रॅक्टरच्या इंजिनात कोणते ऑइल घालायचे, हे बहुतेक चालकांना तोंडपाठ असते. पण सीटखाली, गिअर बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत पसरलेल्या मोठ्या बिडाच्या घरात कोणते ऑइल आहे असे विचारले, की उत्तर बरेचदा ‘हायड्रोलिकचे’ किंवा ‘नव्वद नंबरचे’ एवढ्यावरच थांबते. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरमध्ये या घरात साधारण ३० ते ६० लिटर ऑइल मावते, म्हणजे इंजिनात मावते त्याच्या कित्येक पट. ते वारंवार बदलले जात नाही, म्हणून एकदा केलेली चुकीची निवड शेकडो तास आत राहून काम करत राहते. या ऑइलची निवड कशी करावी, याविषयी आज बोलणार आहे.

अनेक ट्रॅक्टरांमध्ये गिअर बॉक्स, डिफरन्शियल, मागच्या चाकांचा वेग कमी करणारे रिडक्शन गिअर, पीटीओचा (अवजारांना फिरती शक्ती देणाऱ्या दांड्याचा) क्लच, ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक आणि अवजारे उचलणारी लिफ्ट हे सगळे एकाच ऑइलवर चालतात. यांपैकी प्रत्येकाची मागणी वेगळी असते. नांगर ओढताना गिअरच्या दात्यांवर प्रचंड दाब येतो, तेव्हा दोन दात्यांमध्ये टिकून राहणारा दाट थर त्यांना हवा असतो. हायड्रोलिक पंपाला मात्र थंडीच्या सकाळीही गाळणीतून सहज ओढता येईल असे पातळ ऑइल लागते. ते फार दाट असले तर पंप उपाशी राहतो, कण्हल्यासारखा आवाज करतो आणि आतून खरवडला जातो. लिफ्टला फेस नको असतो, कारण हवेचे बुडबुडे दाबले जातात आणि वर उचललेले अवजार हिसके देऊ लागते.

सर्वांत अवघड मागणी ब्रेकची असते. ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या चकत्या ऑइलमध्ये राहूनच एकमेकींना धरतात. म्हणजे ज्या द्रवाने गिअरचे घर्षण कमी करायचे, त्याच द्रवाने ब्रेकमध्ये मात्र नेमके तेवढेच घर्षण शिल्लक ठेवायचे. त्यासाठी ऑइलमध्ये घर्षणाचे प्रमाण राखणारी रसायने मोजून मिसळलेली असतात. ती नसली तर चकत्या एकमेकींना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. पाय दाबताच मागून कर्कश आवाज येतो आणि सगळा ट्रॅक्टर थरथरतो. ऑइल गरजेपेक्षा निसरडे असले, तर आवाज येत नाही, पण ब्रेक घसरतात, तापतात आणि चकत्यांचे अस्तर जळते. मला दुसरा प्रकार अधिक धोकादायक वाटतो, कारण भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर उतरेपर्यंत तो चालकाच्या लक्षात येत नाही.

या परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्यासाठी जे ऑइल बनवले जाते, त्याला यूटीटीओ, म्हणजे युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल म्हणतात. स्टू (एसटीओयू), म्हणजे सुपर ट्रॅक्टर ऑइल युनिव्हर्सल नावाचा आणखी एक प्रकार आहे; तो इंजिनासह सगळीकडे चालावा अशा बेताने केलेला असतो. मात्र ‘युनिव्हर्सल’ या शब्दावर विसंबून डबा उचलू नये, कारण कोणत्याही ट्रॅक्टरला चालणारे एकच ऑइल अस्तित्वात नाही. उत्पादकाने आपल्या ट्रॅक्टरच्या ब्रेकचे अस्तर, पंप आणि गिअर ध्यानात घेऊन ऑइलची कसोटी ठरवलेली असते आणि तिला एक संकेतांक दिलेला असतो. जॉन डिअरचा जे २० सी, मॅसी फर्ग्युसनचा एम ११४५, न्यू हॉलंडचा मॅट ३५२५, कुबोटाचा यूडीटी हे असे संकेतांक होत. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ऑइलच्या तक्त्यात आपल्या ट्रॅक्टरचा संकेतांक छापलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि डब्याच्या मागच्या बाजूवर तोच शोधावा. डब्याची पुढची बाजू जाहिरातीची असते.

नंबरांवरून होणारा घोटाळाही मोठा आहे. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर एकाच मापपट्टीवरचे नाहीत. गिअर ऑइलचे ९० हे इंजिनाच्या ४० ते ५० नंबरइतकेच दाट असते, आणि हायड्रोलिक ऑइलवर लिहिलेले ४६ किंवा ६८ हे तर तिसरेच माप. ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला दाटपणा सांगते. शिवाय नंबर केवळ दाटपणा सांगतो, आत कोणती रसायने आहेत हे सांगत नाही. ६८ नंबरचे साधे हायड्रोलिक ऑइल लिफ्ट उत्तम उचलेल, पण गिअरचा दाब सोसणारी आणि ब्रेकचे घर्षण राखणारी रसायने त्यात नसतात. उलट जीएल ५ या, जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलच्या वर्गाचे ८०डब्ल्यू-९० ऑइल गिअरच्या दात्यांना जपेल, पण बुडालेल्या ब्रेकसाठी ते बनवलेले नसते, आणि त्यातील गंधकयुक्त रसायनांमुळे काही गिअर बॉक्समधील पितळी व ब्राँझच्या रिंगा झिजू शकतात. कोरडे ब्रेक असलेल्या आणि हायड्रोलिकची टाकी वेगळी असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत ९० नंबरचे गिअर ऑइल योग्य असते; ती सवय मात्र नव्या ट्रॅक्टरवर नेऊ नये.

संकेतांकही कालबाह्य होतो, याचे एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. जॉन डिअरच्या ‘३०३’ या जुन्या द्रवात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल घातलेले असे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत या तेलावर बंदी आली आणि कंपनीने नवे मानक आणले. तरीही पुढे अनेक वर्षे ‘३०३’ हा आकडा लिहिलेले स्वस्त डबे विकले जात राहिले. ज्या मानकाची कसोटीच उरलेली नाही, ते पूर्ण करतो असे कोणीही छापू शकतो. म्हणून २०१७ साली अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या कृषी विभागाने अशा द्रवाची विक्री थांबवली. आपल्यालाही यातून एक नेमकी गोष्ट तपासता येते. डब्यावर ‘मान्यताप्राप्त’ लिहिले आहे, की नुसते ‘वापरण्यास योग्य’? पहिल्या शब्दामागे उत्पादकाने घेतलेली चाचणी असते, दुसऱ्यामागे बहुधा फक्त विक्रेत्याचे म्हणणे असते. रंगाला तर काहीच अर्थ नाही. रंग नंतर मिसळता येतो.

योग्य ऑइल भरल्यानंतरही ते बिघडण्याच्या वाटा असतात आणि त्यांतील एक सहसा लक्षात येत नाही. ट्रॉलीच्या जॅकमध्ये बरेच ऑइल असते. तीच ट्रॉली आज एका ट्रॅक्टरला आणि उद्या दुसऱ्याला जोडली, की पाइपच्या जोडणीतून एका ट्रॅक्टरचे ऑइल दुसऱ्याच्या पोटात जाते. अवजारे आळीपाळीने वापरणाऱ्यांनी सगळ्या ट्रॅक्टरांना मानवणारे एकच ऑइल ठरवून घ्यावे, आणि जोडणीचे तोंड प्रत्येक वेळी स्वच्छ फडक्याने पुसावे. त्या तोंडावरची चिमूटभर माती थेट पंपाकडे जाते. ब्रेक किंवा क्लचच्या स्वतंत्र लहान टाकीबाबत तर तडजोड नकोच. काही ट्रॅक्टरांत तिथे खनिज ऑइल असते, काहींत ग्लायकॉलपासून बनवलेला ब्रेक फ्लुइड. एकाच्या जागी दुसरे थोडेसे जरी गेले, तरी रबरी सील फुगतात किंवा मऊ पडतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात.

पाणी हा दुसरा शत्रू. दिवसा तापलेले घर रात्री निवते, आतल्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. चिखलात काम करताना सीलमधून किंवा ब्रीदरमधूनही, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्रातूनही, पाणी शिरते. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले, तर ते उकळून किंवा निवळून वापरण्याच्या फंदात पडू नये. पाणी कुठून आले ते आधी शोधावे, ते छिद्र बंद करावे, आणि मग ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत. पातळी तपासताना ट्रॅक्टर सपाट जमिनीवर असावा, लिफ्ट खाली असावी आणि इंजिन बंद असावे. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणेही हानिकारक आहे, कारण गिअर ते घुसळून फेस करतात.

बदलण्याचा काळ पुस्तिकेतच पाहावा. अनेक ट्रॅक्टरांत तो १००० तासांच्या आसपास असतो, पण फिल्टर त्याहून बराच आधी बदलावा लागतो. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस टाळू नये, कारण नवे दाते एकमेकांत बसताना निघालेला लोखंडाचा चुरा त्याच ऑइलमध्ये असतो.

शेवटी, जुना ट्रॅक्टर विकत घेतलेल्यांसाठी. आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल, तर त्यावर नवे ऑइल ओतून पातळी भरू नये. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून ऑइल कोमट करावे, सगळे ड्रेन प्लग उघडून ते पूर्ण निथळू द्यावे, आणि प्लगच्या चुंबकाला काय चिकटले आहे ते बोटांनी चाचपावे. मऊ, काळपट लेप ही नेहमीची झीज असते. हाताला टोचणारे तुकडे लागले तर ऑइल भरण्याआधी कारागिराला दाखवावेत. त्यानंतर गाळणी धुवावी, नवा फिल्टर बसवावा, संकेतांक जुळवून घेतलेले ऑइल भरावे, आणि लिफ्ट काही वेळा वरखाली करून पातळी पुन्हा पाहावी. जॅकमध्ये आणि पाइपांत जुने ऑइल थोडे उरतेच. म्हणून पहिल्या ५० तासांनंतर फिल्टर आणखी एकदा बदलावा आणि डब्याचे नाव, संकेतांक व मीटरवरचे तास वहीत लिहून ठेवावेत.

नमस्कार.