पहाटेचे चार सेकंद

आवाज ऐका. डिसेंबरची पहाट, इंदूरची थंडी आणि रात्रभर अंगणात उभा असलेला जुना डिझेल पिकअप. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडतं आणि पुढच्या बाजूने डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट येतो. तीन-चार सेकंद. मग सगळं शांत.

मालक महिनाभर म्हणत होते, थंडीमुळे होतंय. महूकडून बटाटा भरायचा, चोइथराम मंडीत उतरवायचा. दिवसभर गाडीची काही तक्रार नाही. देवास नाक्याजवळ माझ्या मामांच्या गॅरेजात गाडी आली तेव्हा मामांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "भाऊ, आज गाडी इथंच राहू द्या. सकाळी मीच चालू करीन." गरम इंजिनात हा आवाज सापडत नाही.

टायमिंग चेन ताठ ठेवणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्री ते ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. सकाळी पुन्हा दाब येईपर्यंत सैल चेन तिला वाटेत धरून ठेवणाऱ्या गाइडवर आपटत राहते. ते हे चार सेकंद.

पिस्टनला जोडलेला क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदाच फिरतो, आणि हा हिशेब चेनच सांभाळते. सैल चेनने दात सोडला की व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येतो. डिझेल इंजिनात त्या दोघांना पुरेल एवढी जागाच नसते. वाकलेले व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन, आणि गाडी उभी ती उभीच.

बॅटरीची तार सुटली. रेडिएटर, पंखा, पुली निघाली. कव्हर निघाल्यावर मामांनी अंगठ्याने चेन दाबली, ती आत गेली. प्लॅस्टिकच्या गाइडवर खोल चर पडलेला, खालचं टोक जागेवर नाही. ते चेंबर उतरवल्यावर ऑइलच्या जाळीत सापडलं. हा तुकडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. जाळी आणखी तुंबली असती तर ऑइलच वर गेलं नसतं.

जुन्या टोयोटा हायलक्सचं २२-आर इंजिन जगभरच्या मेकॅनिकांना याच दुखण्यासाठी माहीत आहे. तिथे गाइड तुटला की चेन कव्हर घासत घासत पाण्याच्या वाटेपर्यंत पोचते आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं.

आता हे नीट पाहा. एकाच खिळ्याला दोन चेन टांगल्या आहेत, जुनी आणि नवी. जुनी चेन नखाएवढी खाली लोंबते. आपण म्हणतो चेन ताणली, पण पोलाद ताणलेलं नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश, म्हणजे छोटी नळी. ही रचना हान्स रेनॉल्ड यांनी १८८०मध्ये मँचेस्टरमध्ये केली. एकेक सांधा केसाहून कमी झिजतो, पण सगळे सांधे मिळून चेन लांब होते. आणि सांधा खातं ते काळं पडलेलं, काजळीचं ऑइल. मामांनी ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारलं. मालकांना आठवेना.

नवी चेन, टेन्शनर, गाइड, दोन्ही स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चाकं, ऑइल सील, पॅकिंग. नुसती चेन बदलायला मामा तयार होत नाहीत. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली की तीही लवकर जाते.

सगळ्यात जास्त वेळ खूण जुळवण्यात गेला. चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवल्या, टेन्शनरला दाबून धरणारी पिन ओढली, आणि माझ्या मामेभावाने पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवला. तो घाबरला. "बाबा, रंगीत कड्या सरकल्या!"

"सरकणारच. चेन कॅमच्या दातांपेक्षा लांब आहे. स्प्रॉकेटच्या खुणा आल्या ना जागेवर? त्या बघ."

आल्या होत्या. तरी मामांनी आणखी दोन फेरे फिरवायला लावले. कुठे अडलं तर हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही.

कव्हर बसलं, नवं ऑइल भरलं. डिझेल बंद ठेवून आधी नुसता स्टार्टर फिरवला, दाब वर येईपर्यंत. मग गाडी चालू केली. नुसत्या इंजिनाचा आवाज.

मालकांनी चावीसाठी हात पुढे केला. मामांनी चावी खिशात टाकली. "आज रात्रीही इथंच. सकाळी थंड असताना ऐकू, मग न्या."